स्प्रिंगवरचा निळा रंग

प्रफुल, आधी माफी मागतो. तुझ्यावर मी लिहावं एवढा माझा अधिकार आहे, असं मला वाटत नाही. कॉलेजच्या वार्षिकांकात तुझ्यासाठी दोन पानं ठेवायचं ठरलं, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. आमच्या घरात लिहिणारं माणूस आजवर झालं नाही. तांड्यावर सरकारी कागद आला की वाचून दाखवायला मला बोलावतात, तेवढीच माझी विद्वत्ता. गेलेल्या माणसाशी कागदावर कसं बोलायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. चुकलं तर तू हसशील. त्याची मला सवय आहे.

पण माझी अडचण वेगळीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, आणि मला तुझा हेवा वाटतो. आधी मी ‘वाटायचा’ असं लिहिलं होतं. ते खोडलं.

तेरवीला आर्णीला तुझ्या घरी आलो होतो. मांडवात माणसं मावत नव्हती, म्हणून मागचे लोक सोयाबीनच्या पोत्यांवर बसले होते. ज्याच्या त्याच्याजवळ तुझी एक गोष्ट होती, आणि जो तो अशा थाटात सांगत होता की जणू तू त्याचाच होतास. पानठेल्यावाला सुद्धा. मी एका कोपऱ्यात बसून विचार करत होतो की माझ्यासाठी एवढी माणसं आली असती का. अशा वेळी असं मनात येणं बरं नाही, हे मला कळतं. पण तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, “मास्तर, पयले मरून तं पाय, मंग मोजू.”

मास्तर हे नाव तूच दिलंस. मी प्रत्येक गोष्ट वाचून बोलतो म्हणून. बाकीच्यांच्या तोंडी ते टोचायचं. तुझ्या तोंडी टोचायचं, पण राग यायचा नाही, याचाही मला राग यायचा.

तू किती हसरा होतास, कसा सगळ्यांच्या मदतीला धावायचास, ते बाकीचे लिहितील. मी फक्त गाडीचं लिहितो. आपल्या दोघांचं असं जे काही होतं, ते त्या गाडीखालीच होतं.

वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. यवतमाळात कापसाच्या जिनवाल्या काकांच्या शेडमध्ये एक लाल गाडी आहे. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, छप्पर नसलेली. लोक तिला ‘उघडी’ म्हणतात. कापसाचे चांगले दिवस होते तेव्हा काकांच्या वडिलांनी ती विलायतेहून मागवली होती. पुढे सुटे भाग मिळेनात, मग जिनच्या मिस्त्र्यानं जे मिळेल ते बसवून ती चालवली, आणि शेवटी ती गोणपाटाखाली गेली. पुण्याचे एक सर अशा जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. त्यांना ती घ्यायची होती, पण त्याआधी त्यांना एक गोष्ट हवी होती. ब्रेकचे आणि सस्पेन्शनचे कोणते भाग कारखान्यातून आले तेव्हाचे आहेत आणि कोणते नंतर बसवलेले, हे कोणीतरी नीट ओळखून सांगायचं. काकांनी आपल्या विभागाला दोन मुलं मागितली. विभागातल्या सरांनी आपल्या दोघांना पाठवलं. आणि पुण्याच्या सरांनी फोनवर सांगितलं की काम पटलं तर परीक्षेनंतर ते एकाला आपल्या वर्कशॉपमध्ये घेतील.

एकाला.

तुला ती गंमत होती. जमलं तर पुणे, नाही तर घरची शेती, ट्रॅक्टर आणि ‘पाऊ पुढं’ म्हणणारे बाबा. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला निघतो. मी त्या ट्रकमध्ये चढलो नाही याला कॉलेज हे एकच कारण होतं, आणि कॉलेज संपत आलं होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. तू विचारलंही नाहीस. विचारलं असतंस तरी मी काहीतरी दुसरंच बोललो असतो.

आपल्या कामाच्या रीती पहिल्या दिवसापासून उलट होत्या. मी लायब्ररीत बसून त्या गाडीच्या जुन्या आकृत्या शोधायचो, छापून आणायचो, पत्र्याला टेकवून एकेक भाग ताडून पाहायचो. तू चाकाच्या मागे हात घालायचास आणि काकांशी गप्पा मारता मारता बोटांनी चाचपायचास. काम सोपं नव्हतं. त्याच आराखड्यावरची एक चार माणसांची गाडी त्या काळी मद्रासला बनत होती, आणि दोन्हींचं पुढचं बरंच सामान एकमेकांना बसतं. म्हणजे बसलंय म्हणून ते मूळचं, असं म्हणता येत नव्हतं. चाक ज्यावर बसतं तो उभा घडीव दांडा मूळचा आहे, हे त्यावरच्या उठावाच्या नंबरावरून मी ओळखलं. तू एका बाजूचे आटे उलटे आहेत हे हातानं फिरवून आधीच सांगितलं होतंस. मी आकृतीत पाहिलं, तर खरंच उलटे. मला वाईट वाटलं. आकृती मी छापून आणली होती.

मग हळदीचं झालं. पुढच्या स्प्रिंगा वर जिथे गाडीच्या अंगाला टेकतात, तिथे पिवळा, वाळून कडक झालेला थर होता. मी वाचलं होतं की गंज लागू नये म्हणून कारखाने काही भागांना पिवळसर मुलामा देत. मी काकांपुढे उभा राहून ते सगळं समजावून सांगितलं. मुलामा कसा देतात, तो एवढी वर्षं कसा टिकला, त्यावरून भाग मूळचा कसा ठरतो. काका मान डोलवत होते. तू नखानं थोडं खरवडलंस, नाकाशी नेलंस आणि म्हणालास, “मास्तर, हे हयद-तूप व्हय.”

काका हसता हसता खाटेवर बसले. मग त्यांना आठवलं. त्यांच्या वडिलांचा एक ड्रायव्हर होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी जिनच्या बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, तेव्हा तो गाडीचेही खांदे मळायचा. बैलांना म्हणतात तसं तिलाही म्हणायचा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षानुवर्षं त्याचे थर बसले होते, आणि त्यावर मी विलायती मुलाम्याचं भाषण दिलं होतं.

संध्याकाळपर्यंत होस्टेलभर झालं. पुढे कितीतरी दिवस मुलं मला पाहून हळद लागली का म्हणून विचारायची. तू मीठमसाला लावून सांगायचास, माझा आवाज काढून. मी पण हसायचो. पण एक गोष्ट तुला कळली नसेल. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल लादून देशभर फिरले. मी स्वतः दरवर्षी बैलाचे खांदे मळतो. तो वास माझ्या हाताला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी तो विलायती गाडीखाली आला म्हणून मला ओळखू आला नाही. तुला आला. तुला कुठेच वेगळं होऊन राहावं लागत नव्हतं, म्हणून आला असं मला वाटतं.

आणि त्या हळदीतूनच आपला तो वाद निघाला, जो मिटला नाही.

दोन्ही पुढच्या स्प्रिंगांवर, खालच्या बाजूला, निळ्या रंगाचा एकेक फटकारा होता. अंगठ्याएवढा. तू म्हणालास, पोळ्याचा रंग. खांदे मळायचा तो शिंगंही रंगवत असेल. बैलांच्या शिंगांचा उरलेला ऑइलपेंट पुसला असेल इथे. मी म्हणालो, हा कारखान्याचा आहे. नरम आणि कडक स्प्रिंगा दिसायला सारख्याच असतात, जोडणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून रंगाची खूण करत. निळा जर कारखान्याचा ठरला, तर दोन्ही स्प्रिंगा मूळच्या. पोळ्याचा ठरला, तर काहीच सांगता येत नाही. काकांना आठवेना. मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघेही केव्हाच वारले होते.

मेसमध्ये तोच वाद, बसस्टँडवर तोच वाद. मी कारणं द्यायचो. तू कारण द्यायचाच नाहीस. “तुले हयद नाही समजली, अन् रंग समजला काय?” एवढं म्हटलं की आजूबाजूचे हसायचे आणि मी हरायचो. माझं म्हणणं खोटं ठरायचं नाही, मी हरायचो. या दोन गोष्टींत फरक आहे हे तुला एकदा सांगायचं होतं.

त्याच दिवसांत तू आमच्या तांड्यावर आलास, बोरी अरबकडे. मी टाळत होतो, तू मागे लागून आलास. माझी आई, आम्ही तिला याडी म्हणतो, पाहुणा आला म्हणून डोक्यावर पदर सारखा करत उभी राहिली. तू एका संध्याकाळीत आमच्या गोरबोलीतले दहा-पंधरा शब्द उचललेस आणि सगळे चुकीच्या जागी वापरलेस. याडी तोंडाला पदर लावून हसत होती. आमच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. पहिली बाटी तव्यावरून तुझ्या ताटात पडली. मी बाजूला बसलो होतो. कॉलेजचं पहिलं वर्ष मी माझी बोली कोणाच्या कानावर पडू दिली नव्हती, फोनवर सुद्धा याडीशी जिन्याखाली जाऊन बोलायचो. तू दुसऱ्या दिवशी भर कँटीनमध्ये, “मास्तर, आव, बेस,” म्हणजे ये, बस, असं ओरडलास. कोणी हसलं नाही. उलट दोघातिघांनी विचारलं, ही कोणती भाषा, आम्हाला पण शिकव. त्यांनी मला नाही विचारलं, तुला विचारलं.

त्या दिवसापासून मी जिन्याखाली जाणं बंद केलं. हे उपकार आहेत, मी मानतो. पण माझी भाषा मला तुझ्या हातून परत मिळाली, हे मला आवडलं नव्हतं.

तुझं कळल्यावर याडी रडली. मग म्हणाली, तो तुझ्यासारखा नव्हता, मोकळा होता.

आता माठाचं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडीच्या पुढच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते. आकृतीप्रमाणे तिथे डिस्क हवी. काका म्हणत, त्यांना कळतं तेव्हापासून ड्रमच आहेत. मूळच्या डिस्क कधीतरी काढल्या हे आपल्या दोघांनाही पटलं होतं, पण त्या असल्याशिवाय सांगून उपयोग नव्हता. सगळं शेड आपण पालथं घातलं. भंगारात गेल्या असतील म्हणून सोडून दिलं.

पुण्याचे सर आले तो दिवस तुला आठवत असेल. उन्हाचा कडाका. सर शेडमध्ये वाकून पाहत होते, मी एकेक भाग दाखवत होतो, तयारी करून गेलो होतो, आणि चांगलं चाललं होतं. तू मध्येच म्हणालास, पाणी पिऊन येतो. काकांचं घर शेडला लागून. तू सरळ आत गेलास, स्वयंपाकघरात, जसा रोज जायचास. काकूंचं माहेर आर्णीकडचं निघालं होतं, तेव्हापासून ते घर तुझंच होतं. मला पाणी नेहमी ओसरीवर यायचं. आत येऊ नको असं मला कोणी कधी म्हटलं नाही. काकू चांगल्याच आहेत. पण मी गेलो नाही, आणि ये असंही कोणी म्हटलं नाही.

तू पाण्यासाठी माठापुढे वाकलास आणि आतूनच हाक मारलीस. सर आत गेले, मी ओसरीपर्यंत आलो. माठ ज्या लोखंडी चकतीवर बसवला होता, ती डिस्क होती. गंजलेली, कडेला हिरवट शेवाळ आलेली. काकू म्हणत होत्या, “ते तं सासूबाईच्या येळेपासून हाय तिथं.” दुसरी मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली निघाली. सरांनी रुमालानं घासून पाहिलं, ओतीव नंबर दिसला, आणि ते तुझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

तेव्हा तू मला काय म्हणालास ते आठवतं का? मी अजून ओसरीवरच उभा होतो. तू आतून म्हणालास, “आत ये ना बे, बाहेर काहून उभा हाय?”

तुला खरंच कळत नव्हतं. मला तुझ्या डिस्कचा हेवा वाटला नाही. त्या न कळण्याचा वाटला.

सरांनी तुझं नाव घेतलं. तू तिथल्या तिथे म्हणालास की घडीव दांडे अव्यानं, म्हणजे मी, ओळखले, निम्मं काम त्याचं आहे. सर म्हणाले, हो, चांगलं केलंय त्यानं. मला ते ‘चांगलं केलंय’ अजून ऐकू येतं. तू गप्प राहिला असतास तर मला तुझा सरळ राग तरी करता आला असता.

परीक्षा झाल्यावर तू पुण्याला जाणार म्हणून वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे अभिनंदनाचे निरोप येत होते. मी तो ग्रुप बंद करून ठेवला. तुझे दोन फोन आले, मी काम आहे म्हणून थोडक्यात आटोपले. दुसऱ्या फोनवर तू म्हणालास की थोडं बरं नाही, आर्णीलाच आहे, कावीळ म्हणतात, बरं वाटलं की निघतो. आणि लगेच विचारलंस, “निया रंग पोयाचा व्हता हे मानलं का नाही?” मी म्हणालो, नाही. तू म्हणालास, बरं, मग भेटल्यावर. आपलं शेवटचं बोलणं हे. यापेक्षा चांगलं बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. भांडण चालू आहे म्हणजे भेटायचं आहे, असंच मी धरून चाललो होतो.

पुण्याच्या सरांचा मागच्या आठवड्यात फोन आला. ती जागा आता ते मला देतात. मी अजून उत्तर दिलेलं नाही. जाईन, हे मला ठाऊक आहे. न जाऊन ट्रकमध्ये चढण्याइतका मी मोठा नाही. पण ती मला तुझ्याकडून जिंकायची होती, प्रफुल. तू उठून गेलास म्हणून रिकाम्या झालेल्या जागेवर बसायचं नव्हतं. तिथे जो तो म्हणेल, आधी दुसरा येणार होता, फार हुशार होता म्हणे. आणि मी तुला तिथेही हरवू शकणार नाही. गेलेल्या माणसाची एकही चूक पुढे होत नाही.

तुझं मला कळलं कसं, ते सांगायचं राहिलं. तुझ्या घरातल्यांव्यतिरिक्त हे कोणाला ठाऊक नाही.

काकांनी पुढचं सस्पेन्शन उतरवून पुण्याला पाठवायचं काम मला दिलं होतं. मी शेडमध्ये एकटाच होतो. डावी स्प्रिंग शिकंज्यात दाबून काढली, खालची लोखंडी वाटी वेगळी केली. वाटी आणि स्प्रिंग एकमेकांना जिथे घट्ट चिकटून बसतात, तिथे आतल्या बाजूला रंग होता. निळा. बाहेरून दिसणारा फटकारा तसाच आत गेलेला, वाटीच्या खाली, जिथे स्प्रिंग बसवल्यावर कोणाचाही ब्रश पोचू शकत नाही. उजवी काढली. तिथेही तसाच. म्हणजे जोडणी व्हायच्या आधी लावलेला. कारखान्यात. पोळ्याच्या रंगाला तिथे जायला वाटच नव्हती.

मी स्प्रिंग मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. मी तुझ्या तोंडाचा विचार करत होतो. तू आधी काही मानणार नाहीस, मग म्हणशील, फोटो पाठव, मग म्हणशील, फोटोत काय कोणीही रंगवेल. मी काय काय उत्तर देईन ते सगळं ठरवून ठेवलं. हात पुसले आणि तुला फोन लावला.

फोन तुझ्या बहिणीनं उचलला. मी सोनालीला बोलूच दिलं नाही. म्हणालो, “प्रफुलले दे. नसन देत येत तं त्याले नुसतं सांग, निळा कंपनीचाच होता. आतून दिसला. मी जितलो म्हणा.”

मागे पुष्कळ माणसांचा आवाज होता. तिनं फोन बाजूला धरून कोणाला तरी सांगितलं की अव्यादादाचा फोन आहे, त्याले कोणी सांगतलंच नाही. मग पुन्हा कानाला लावला.

“दादा,” ती म्हणाली, “प्रफुलदादा परवा गेला. आमाले वाटलं, सगळ्यात पयले तुलेच समजलं असन.”